मिनियापोलिसचे सोमाली शेजारी

मृणाल_मिनियापोलिस

इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. विषुववृत्ताजवळची ही माणसं उणे वीस अंशांच्या थंडीत का येऊन राहिली? "सरकारने आणून ठेवलं" असं उत्तर मिळतं आणि विषय बदलतो. ते उत्तर अर्धवट आहे आणि त्याच्यावर लोक पुढची सगळी मतं बांधतात, म्हणून हा धागा काढते आहे. मी शनिवारी सीडर-रिव्हरसाइड भागातल्या प्रौढांच्या इंग्रजी वर्गात शिकवते. माझ्या वर्गात बहुतेक सोमाली बायका आहेत. बरंचसं त्यांच्याकडून कळलेलं, बाकीचं वाचून पडताळलेलं.

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारेची राजवट कोसळली आणि सोमालियात यादवी पेटली. लाखो लोक केनिया, इथिओपिया, येमेनमध्ये पळाले. त्यांतल्या काहींना अमेरिकेने निर्वासित म्हणून घेतलं. पण घेतलं म्हणजे काय, हे समजून घ्या. विमानाचं तिकीट उसनं असायचं. बिनव्याजी असलं तरी कर्जच, आणि इथे पोचल्यावर काही महिन्यांतच त्याचे हप्ते सुरू व्हायचे. पुनर्वसन करणाऱ्या संस्थेची सुरुवातीची मदत ९० दिवसांची. तेवढ्यात घर, शाळा, कागदपत्रं आणि नोकरी हे सगळं मार्गी लावायचं.

आमच्या मिनेसोटा राज्याने त्यांना ओढलं ते टर्कीच्या कारखान्यांमुळे. राज्याच्या नैर्ऋत्येला मार्शल नावाचं छोटं गाव आहे. तिथे टर्की कापून पॅक करणाऱ्या कारखान्याला नव्वदीच्या सुरुवातीला माणसं हवी होती. काम ओलं, थंड, मनगटं सुजवणारं, पण इंग्रजी यायलाच हवं अशी अट नाही. जे लागले त्यांनी चुलतभावाला फोन केला, चुलतभावाने मेहुण्याला. पुढे विल्मर, फॅरिबॉल्ट, सेंट क्लाउड अशी गावं जोडली गेली. सरकारने ज्यांना दुसऱ्याच राज्यात उतरवलं होतं, त्यांतलेही कितीतरी जण आपणहून इकडे आले. शिवाय लुथरन आणि कॅथलिक संस्थांना इथे १९७५ पासून लाओसमधून आलेल्या ह्मोंग निर्वासितांचा अनुभव होता. आज राज्यात सोमाली वंशाचे लोक लाखाच्या आसपास आहेत, अमेरिकेत सर्वांत जास्त.

सीडर-रिव्हरसाइडचे रंगीत पट्ट्यांचे मनोरे तुम्ही महामार्गावरून पाहिले असतील. राल्फ रॅपसन या वास्तुविशारदाने आखलेले, १९७३ मध्ये उघडलेले. गरीब-श्रीमंत एकत्र राहतील अशी त्यामागची कल्पना होती. त्याच्या शंभर वर्षं आधी हीच वस्ती स्वीडन-नॉर्वेहून आलेल्या मजुरांची होती. तेही धड इंग्रजी न येता आले होते. आज तिथे जिन्यात वेलची-दालचिनीच्या चहाचा वास येतो.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. या समाजाचा सगळा डोलारा नात्यातल्या जबाबदारीवर उभा आहे. माझ्या वर्गातली एक बाई रात्री वृद्धाश्रमात काम करते. पगारातला ठरलेला भाग नैरोबीतल्या बहिणीला, मोगादिशूतल्या सासूला आणि निर्वासितांच्या छावणीत राहिलेल्या एका भाच्याला जातो. हे ती दान म्हणून करत नाही, सवडीनेही करत नाही. पैसे गेले नाहीत तर तिकडे त्या महिन्याचं घरभाडं थकतं.

हीच गोष्ट त्यांना उभंही करते. बायका आपापसांत भिशी चालवतात, तिला 'अयूतो' किंवा 'हगबद' म्हणतात. दर महिन्याला सगळ्या ठरलेली रक्कम टाकतात आणि एकीला पूर्ण रक्कम मिळते. कागद नाही, व्याज नाही. व्याज धर्माने निषिद्ध, त्यामुळे बँकेचं कर्ज अनेकांना नको असतं. कार्मेल मॉलमधली कितीतरी छोटी दुकानं अशा भिशीवर उभी राहिली, आणि त्यांतली पुष्कळ बायकांची आहेत. कापड, अत्तर, ऊद, मेंदी, सोनं. एकदा जाऊन बघा. हुसेन समतर या बँकेतल्या अधिकाऱ्याने नोकरी सोडून आफ्रिकन डेव्हलपमेंट सेंटर काढलं, ते याच अडचणीवर तोडगा म्हणून. व्याजाऐवजी नफ्याच्या हिशोबावर दुकानांना भांडवल. २०१० मध्ये ते मिनियापोलिसच्या शाळा मंडळावर निवडून आले, सोमाली माणसाने मिनेसोटात जिंकलेली ती पहिली निवडणूक. २०१३ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेले. आपल्या लोकांत त्यांचं नाव कुणाला माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

कावेरी_पुणे

मृणालताई, लेख आवडला. दोन प्रश्न. छावणीत लोक किती काळ राहायचे? आणि तुमच्या वर्गातल्या बायकांची वयं नोंदीत बरोबर असतात का? आमच्या आजीचा, तिच्या सगळ्या भावंडांचा आणि शेजारच्या काकांचाही वाढदिवस १ जूनला, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच तारीख लिहून टाकली.

मृणाल_मिनियापोलिस

कावेरी, अगदी तसंच. फक्त इथे तारीख १ जानेवारी. जन्माची नोंद नसलेल्या निर्वासितांच्या कागदांवर सर्रास ती पडलेली असते. त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या बायकांचा वाढदिवस.

छावणीत काहींची वीस-वीस वर्षं गेली. केनियातली ददाब छावणी १९९१-९२ मध्ये उभी राहिली, इफो, दगाहले आणि हगदेरा अशा तीन भागांत. सोय ९०,००० माणसांची. २०११ च्या दुष्काळात तिथे जवळजवळ पाच लाख लोक होते. तिथे जन्मलेल्या मुलांना तिथेच मुलं झाली. छावणीबाहेर काम करायची, मोकळं फिरायची परवानगी नव्हती.

आणि नात्यावरून आठवलं. अमेरिकेत आलेल्या माणसाला मागे राहिलेल्या जवळच्या कुटुंबीयांना बोलावता येत असे. २००८ मध्ये नैरोबीत काही अर्जदारांच्या डीएनए चाचण्या केल्या. पुष्कळ ठिकाणी रक्ताचं नातं जुळलं नाही, म्हणून तो मार्गच बंद केला. तो २०१२ मध्ये पुन्हा उघडला, आता चाचणी सक्तीची करून. काहींनी खोटी नावं घातली असतील, ते मी नाकारत नाही. पण भाऊ युद्धात मेला, त्याची मुलं तान्ही असल्यापासून आपण वाढवली, ती आपल्याला आई म्हणतात. अर्जात त्यांना काय लिहायचं? आपल्याकडेही दिराची मुलं सांभाळणाऱ्या बायका काय कमी आहेत? चाचणीत ती परकी ठरली. माझ्या वर्गातल्या एकीचा भाचा असाच छावणीत राहिला. वर पैसे पाठवते म्हटलं ना, तोच.

स्पष्टवक्ता_शाकोपी

लेखात एकच बाजू आली, म्हणून दुसरी मांडतो. मी इथे पंधराएक वर्षं कर भरतो आहे. करोनाच्या काळात मुलांच्या जेवणाच्या सरकारी योजनेत २५ कोटी डॉलरचा घोटाळा झाला. सत्तरहून जास्त आरोपी, बहुतेक सोमाली. त्याआधी वीसेक तरुण अल-शबाब या सोमालियातल्या दहशतवादी संघटनेत लढायला गेले. लसी घेत नाहीत म्हणून गोवर पसरला. हे सगळं बाजूला ठेवून नुसता चहाचा वास कसा घ्यायचा? राग नाही, पण प्रश्न विचारायलाच नको का?

मृणाल_मिनियापोलिस

विचारायलाच हवेत. तीनही गोष्टी घडलेल्या आहेत.

घोटाळ्याबद्दल पहिल्यांदा. सप्टेंबर २०२२ मध्ये पहिल्या ४७ जणांवर आरोप ठेवले गेले. भुकेल्या मुलांच्या नावाने पैसा खाणं हे अक्षम्य आहे आणि माझ्या वर्गातल्या बायका त्या लोकांबद्दल जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ज्या संस्थेमार्फत हा पैसा गेला तिची प्रमुख बाई सोमाली नव्हती. मार्च २०२५ मध्ये तीही दोषी ठरली. तिच्यावरून कुणी गोऱ्या समाजाला जाब विचारला नाही. रात्रपाळी करून भाडं भरणाऱ्या बाईला मात्र दुकानात टोमणे ऐकावे लागले. माझी हरकत एवढीच आहे, आणि ती ठाम आहे.

अल-शबाबचं म्हणाल तर २००६ च्या अखेरीस इथिओपियाचं सैन्य सोमालियात शिरलं, त्यानंतर ही भरती सुरू झाली. आपल्या भूमीवर परकी फौज आली, हे सांगून कोवळी पोरं फितवली गेली. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांतल्या एकाने सोमालियात आत्मघाती स्फोट केला. पण ही मुलं गेली हे मोठ्या आवाजात सांगितलं कुणी? घरच्यांनी. मार्च २००९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे एका मुलाच्या काकाने साक्ष दिली. समाजातल्याच काही लोकांनी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं, तरी. घरातली अशी गोष्ट चारचौघांत मांडायला किती बळ लागतं याचा विचार करा.

डॉ_अनघा

गोवराबद्दल मी लिहिते, बालरोग माझं क्षेत्र आहे. २०१७ मध्ये मिनेसोटात गोवराचे ७५ रुग्ण सापडले, बहुसंख्य सोमाली कुटुंबांतले आणि लस न घेतलेले. पण त्याआधीचा आकडा बघा. २००४ मध्ये इथल्या सोमाली बालकांत गोवराच्या एमएमआर लसीचं प्रमाण ९२ टक्के होतं. २०१४ पर्यंत ते ४२ टक्क्यांवर आलं. म्हणजे लसीला विरोध ते आफ्रिकेतून घेऊन आले नव्हते. गोवराने मुलं मरताना पाहिलेले आईबाप लस आनंदाने टोचून घेत होते. भीती त्यांना इथे शिकवली गेली.

झालं असं की २००८ च्या सुमारास पालकांच्या लक्षात आलं, आपली बरीच मुलं स्वमग्नतेच्या विशेष वर्गांत आहेत. असलं काही त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. कारण विचारलं तर नीट उत्तर देणारं कुणी भेटेना. त्या पोकळीत लसविरोधी मंडळी शिरली. एमएमआर लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड स्वतः मिनियापोलिसमध्ये येऊन या पालकांना भेटला. त्याचा १९९८ चा शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला होता, इंग्लंडमध्ये डॉक्टर म्हणून त्याची नोंदणीही रद्द झाली होती. पालकांना हे कोण सांगणार? २०१३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचा अभ्यास आला. स्वमग्नतेचं प्रमाण सोमाली आणि गोऱ्या मुलांत जवळपास सारखं निघालं, ३२ त एक आणि ३६ त एक. मात्र स्वमग्न सोमाली मुलांत बौद्धिक अक्षमता जास्त आढळली. पालकांना दिसत होतं त्यात तथ्य होतं, कारण चुकीचं सांगितलं गेलं.

२०२४ मध्ये पुन्हा साथ आली. माझा अनुभव असा की पत्रकं वाटून उपयोग शून्य. इमाम, सोमाली नर्स आणि आजी, या तिघांपैकी एक जरी आपल्या बाजूने असेल तर आई ऐकते. बोलणं ऐकून घ्यायला वीस मिनिटं लागतात आणि दवाखाना देतो दहा.

लुईस्टनचा_प्रसाद

मी मेन राज्यात होतो, तिकडची गोष्ट सांगतो. लुईस्टन हे कापडगिरण्यांचं गाव, लोकसंख्या छत्तीस हजारांच्या आसपास. गिरण्या गेल्या आणि लिस्बन स्ट्रीटवरची दुकानं ओस पडली. फेब्रुवारी २००१ पासून सोमाली कुटुंबं यायला लागली, मोठ्या शहरांतली गुंडगिरी नको आणि घरभाडं परवडतं म्हणून. ऑक्टोबर २००२ मध्ये महापौर लॉरिए रेमंड यांनी सोमाली समाजाला जाहीर पत्र लिहिलं. सारांश असा की गावावर ताण आलाय, आता आणखी लोकांना इकडे येऊ देऊ नका. पत्र देशभर गाजलं. जानेवारी २००३ मध्ये वर्णद्वेषी टोळी सभा घ्यायला आली, तर त्यांच्या सभेला जेमतेम काही डझन माणसं आणि सोमाल्यांच्या बाजूने चार हजारांवर. कडाक्याच्या थंडीत.

गंमत नाही, इतिहासच आहे: या गावातले बहुतेक लोक क्वेबेकहून गिरणीत कामाला आलेल्या फ्रेंच कॅथलिकांचे नातू-पणतू. १९२० च्या दशकात मेनमध्ये कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे मोर्चे निघायचे ते त्यांच्याच विरोधात. काही म्हाताऱ्यांना ते आठवत होतं, काहींना नव्हतं. ज्यांना आठवत होतं ते पहिल्यांदा मदतीला दारात उभे राहिले.

२०१५ मध्ये लुईस्टन हायस्कूलने राज्याचं फुटबॉल अजिंक्यपद जिंकलं, संघात बहुतेक मुलं निर्वासितांची. २०१९ मध्ये साफिया खालिद वयाच्या तेविसाव्या वर्षी नगर परिषदेवर निवडून आली.

एक गोष्ट मात्र धाग्यात यायला हवी. सोमाली म्हणजे सगळे एक नव्हेत. लुईस्टनमध्ये सोमाली बंटू पुष्कळ आहेत. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात आजच्या टांझानिया, मोझांबिक भागांतून गुलाम म्हणून सोमालियात नेलेले. तिथे ते शेतमजूर, शाळेत जागा नाही, लग्नसंबंध नाहीत. यादवीत लुटायला सगळ्यांत सोपे तेच. २००३ पासून अमेरिकेने सुमारे १२,००० बंटूंना आणलं. इथे आल्यावर कार्यालयात दुभाषा म्हणून समोर बसायचा तो त्याच वरच्या कुळातला, ज्याने तिकडे त्यांना हीन लेखलं होतं. अमेरिकन अधिकाऱ्याला दोघे सारखेच दिसायचे. आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कावेरी_पुणे

प्रसाददादा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. बंटूंची स्वतःची संघटना, शेती वगैरे आहे का?

लुईस्टनचा_प्रसाद

शेती आहे. ती त्यांची पिढीजात विद्याच. लुईस्टनच्या आसपास जमीन मिळवून भाजीपाला पिकवतात आणि बाजारात विकतात. ज्यांना कार्यालयात सही करता येत नव्हती, ते शेतात उभे राहिले की त्यांच्या बोलण्यातला सूरच बदलायचा.

विल्मरकर

मी अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत यंत्रदेखभालीचं काम केलंय, नाव लिहीत नाही. भांडण कुठे पेटतं ते सांगतो. पट्टा थांबत नाही. सूर्यास्ताची नमाज सूर्य ठरवतो, आणि मिनेसोटात सूर्यास्त डिसेंबरात साडेचारला तर जूनमध्ये नऊला. एका माणसाला पाच मिनिटं सोडणं सोपं, रमजानात एकाच पाळीतले दीडशे एकदम उठले तर पट्ट्यावर मांस साचतं. २००८ मध्ये नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडला आणि कोलोरॅडोतल्या ग्रीलीला यावरून शेकड्याने लोक बाहेर पडले आणि पुष्कळांची नोकरी गेली. मजेची सुट्टी मागत नव्हते. जिथे फोरमनने आधी बसून, जेवणाची सुट्टी सूर्यास्ताशी जुळवून वेळापत्रक केलं, तिथे काही अडलं नाही. मी दोन्ही प्रकारचे कारखाने पाहिलेत.

शाकोपीकर साहेब, तुमच्याच गावातलं ॲमेझॉनचं गोदाम घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये सोमाली कामगार तिथे गेटवर बर्फात उभे राहिले. मागणी एवढीच की तासाला इतकी खोकी हा वेग माणसाला झेपेल असा ठेवा. अवूद सेंटर नावाची त्यांची छोटी संघटना मागे होती. २०१९ च्या जुलैमध्ये, मोठ्या विक्रीच्या दिवशी, त्यांनी कामबंद केलं. मग २०२३ मध्ये मिनेसोटात कायदा झाला की गोदामातला कोटा कामगाराला लेखी सांगावा लागेल, आणि लघवीला जाण्याचा वेळ मारणारा कोटा चालणार नाही. त्याचा फायदा गोऱ्या, मेक्सिकन, सगळ्याच कामगारांना. आपली इंजिनियर मुलं नोकरीत जे बोलायला बिचकतात ते इंग्रजी धड न येणाऱ्या माणसांनी मिळवलं. मला त्यांचा अभिमान वाटतो.

स्पष्टवक्ता_शाकोपी

कायद्याचं माहीत होतं, तो कुणामुळे झाला हे माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा ९२ आणि ४२ चा आकडाही नवा. घोटाळ्याबद्दल माझं मत तेच आहे आणि राहील. पण एक विचारतो. एवढा पैसा बाहेर पाठवला तर इथे घर कधी होणार, मुलांचं कॉलेज कधी होणार?

मृणाल_मिनियापोलिस

हा प्रश्न त्यांची मुलंच घरात विचारतात, तेव्हा तो खराच आहे. पण पाठवणं थांबलं तर तिकडे काय होतं ते २०११ च्या शेवटी दिसलं होतं. सोमालियात बँकव्यवस्था उरली नव्हती, पैसा जायचा हवालाच्या दुकानांतून. नैरोबीत, मोगादिशूत किंवा खेड्यात दुकानदार कुळ-घराणं विचारून माणूस ओळखतो आणि पैसे हातात देतो. पण इथल्या दुकानाला खातं लागतं अमेरिकन बँकेत. अल-शबाबला पैसे पाठवल्याबद्दल मिनेसोटातल्या दोन बायका दोषी ठरल्या, आणि त्यानंतर ही खाती सांभाळणाऱ्या इथल्या बँकेने डिसेंबर २०११ मध्ये ती बंद केली. तिकडे दुष्काळ चालू होता. त्या देशात बाहेरून घरच्यांनी पाठवलेला पैसा तेव्हा वर्षाला १.३ अब्ज डॉलर धरत. २०१४ मध्ये नियम सोपे करणारा कायदा झाला, तरी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बँकेने पुन्हा तेच केलं. तेव्हा लोक ओळखीच्या प्रवाशाच्या खिशात नोटा देऊन पाठवत होते. सरकारला जे दिसायला हवं होतं ते त्यामुळे आणखी अदृश्य झालं.

मुलांचं विचारलंत. त्यांच्यावर दोन्हीकडून ओढ आहे. आठवड्याला शाळा, शनिवार-रविवार 'दुक्सी' म्हणजे कुराणाचा वर्ग, मधल्या वेळात आईबरोबर दवाखान्यात दुभाषा. दहा वर्षांच्या मुलीने आईच्या गर्भाशयाच्या आजाराचं भाषांतर करणं मी पाहिलं आहे आणि ते व्हायला नको. रुग्णालयाने दुभाषा देणं बंधनकारक आहे, तो मागा, हे मी वर्गात सारखं सांगते.

तरीही ती मुलं पुढे गेली. २०१३ मध्ये अब्दी वारसमे नगर परिषदेवर आले. इल्हान ओमर आठव्या वर्षी देश सोडून निघाल्या, केनियातल्या छावणीत राहिल्या, २०१८ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेल्या. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, त्यांच्यासाठी सभागृहात डोकं झाकायला असलेली १८१ वर्षांची बंदी उठली. सेंट लुईस पार्कमध्ये, जिथे आपली कितीतरी मराठी घरं आहेत, २०२३ मध्ये नादिया मोहम्मद महापौरपदी निवडून आल्या. त्याच वर्षी मिनियापोलिसने पाचही वेळची अजान भोंग्यावरून द्यायला परवानगी दिली.

डॉ_अनघा

दुभाषाच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. एक भर घालते. वयस्कर सोमाली बाईला "वाचता येतं का" असं विचारू नका, "सोमाली वाचता येतं का" असं विचारा. १९७२ मध्ये त्यांच्या भाषेला अधिकृत लिपी मिळाली आणि १९७४ मध्ये शाळकरी मुलांना खेड्यापाड्यांत पाठवून साक्षरता मोहीम झाली. साठी ओलांडलेल्या काही बायका सोमाली उत्तम वाचतात आणि आपण त्यांना निरक्षर धरून चित्रांचा कागद देतो.

कावेरी_पुणे

मी जानेवारीत मिनियापोलिसला शिकायला येते आहे. काही मदत करता येईल का? आणि कुठे जाऊ?

मृणाल_मिनियापोलिस

ये. प्रौढांच्या वर्गांना संध्याकाळी माणसं कमी पडतात. नागरिकत्वाच्या परीक्षेच्या तयारीला तर फारच. ठरलेल्या प्रश्नांची यादी असते, ती तोंडी म्हणवून घ्यायला धीराचं माणूस लागतं. लेक स्ट्रीटवर सोमाली संग्रहालय आहे, २०१३ पासून. गुरं राखणाऱ्यांची लाकडी भांडी, विणलेल्या टोपल्या, तंबू तिथे बघायला मिळतात. कार्मेल मॉलला शुक्रवारी दुपारी जाऊ नकोस, गर्दीत काही दिसत नाही. खाण्यात बकऱ्याचं मटण चालत असेल तर 'बरीस' भात घे, त्याच्याबरोबर सोललेलं केळं येईल, ते गोड म्हणून शेवटाला ठेवू नकोस, भाताबरोबरच खायचं. शाकाहारी असशील तर सांबूस विचारून घे, बहुतेकांत खिमा असतो.

स्पष्टवक्ता_शाकोपी

नागरिकत्वाच्या वर्गाला बुधवारी माणूस हवा असेल तर मला निरोप करा. संध्याकाळी सहानंतर मोकळा असतो.